अनेक फॅन, एक हब

फॅन हब म्हणजे संगणकाच्या कॅबिनेटमधले अनेक फॅन एकाच जागी जोडून घेणारी लहानशी पट्टी. तिच्यावर सहा, आठ किंवा दहा फॅन लावता येतील एवढ्या पिना असतात आणि तिच्यातून दोन वायरी बाहेर पडतात. एक एसएमपीएसकडे जाते, दुसरी मदरबोर्डकडे. पहिलीतून वीज येते; दुसरीतून फॅनने किती वेगाने फिरायचे याचा हुकूम येतो. हब स्वतः काही ठरवत नाही, आलेली वीज आणि आलेला हुकूम सगळ्यांना सारखा वाटून देतो. विजेची वाट आणि हुकमाची वाट वेगळी आहे हे ध्यानात असले की हबचा सगळा व्यवहार उलगडतो. हब लावल्यावर होणारे बहुतेक घोटाळेही या दोन वाटांची गल्लत झाल्यानेच होतात.

बँकेतल्या, ग्रामवन सेवा केंद्रातल्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या संगणकाला हब लागत नाही. त्यात प्रोसेसरवर एक फॅन, मागे एक फॅन आणि एसएमपीएसचा स्वतःचा फॅन, एवढ्यावर काम भागते. हबची गरज पडते ती जड काम करणाऱ्या यंत्राला.

हवा किती लागते

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चिकोडी किंवा निपाणीतल्या फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणारा संगणक उदाहरणादाखल घेता येईल. समजा त्यात इंटेलचा आय-५ १२४०० प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० कार्ड आहे. प्रोसेसरची कमाल मर्यादा ११७ वॅट, कार्डाची १७० वॅट. दोन्ही भरात असताना रॅम, डिस्क आणि मदरबोर्ड धरून ३०० वॅटच्या थोडी वरच उष्णता त्या पेटीत तयार होते, आणि लग्नसराईत रेंडरिंग तासन्‌तास चालते.

ही उष्णता हवेनेच बाहेर न्यायची असते. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे ३०० वॅट उष्णता वाहून नेताना हवा फक्त १० अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला २५ लिटर हवा पेटीतून आरपार गेली पाहिजे. फॅनच्या खोक्यावर हवेचे माप बहुधा मिनिटाला घनफूट असे, म्हणजे सीएफएममध्ये दिलेले असते. त्या मापात हे सुमारे ५३ सीएफएम होतात. १२० मिलिमीटरच्या बऱ्याच फॅनवर ५० ते ६० सीएफएम छापलेले असते, त्यामुळे एक फॅन पुरेल असे वाटते. पण तो आकडा मोकळ्या हवेतला. पुढे धुळीची जाळी, मागे वायरींचा गुंता आणि कार्डाचा अडसर आला की प्रत्यक्षात त्याच्या निम्मी हवासुद्धा पुष्कळ म्हणायची. म्हणून अशा यंत्राला हवा आत ओढणारे दोन-तीन आणि बाहेर टाकणारे एक-दोन फॅन लागतात.

आत येणारी हवा खोलीतली असते, आणि फॅन कितीही चांगला असला तरी तो खोलीपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, घाटाच्या जवळ. तिथला उन्हाळा सोसण्याजोगा. चिकोडीहून रायबाग, अथणीकडे सरकावे तसा मुलूख कोरडा आणि तापट होत जातो. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या दुकानात ३६ अंश असतील, तर वरच्या हिशेबाने कॅबिनेटमधली हवा ४६ अंशांवर जाते, आणि प्रोसेसरला थंड करायला हीच हवा मिळते. थंडीत बिनबोभाट चालणारे यंत्र मे महिन्यात रेंडरिंगच्या मध्येच मंदावते ते यामुळे. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो.

एका मोठ्या वेगाच्या फॅनऐवजी कमी वेगाचे अनेक फॅन का लावायचे, याचे उत्तर फॅनच्या गणितात आहे. फॅनचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण फिरवायला लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. एकाऐवजी दोन सारखे फॅन लावले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे घेणारा एक फॅन काढून ६०० फेऱ्यांचे दोन लावले, तर मोकळ्या वाटेत हवा तेवढीच मिळते, वीज चौथा हिस्सा लागते आणि आवाज १२ डेसिबलने कमी होतो. दिवसभर त्याच खोलीत बसून गाण्याचा आवाज आणि चित्र जुळवणाऱ्या माणसाला हा फरक फार मोलाचा असतो.

या गणिताची दुसरी बाजूही आहे. वेग निम्मा झाला की फॅनने निर्माण केलेला दाब चौथ्या हिश्शावर येतो. मंद फॅनला तुंबलेली जाळी भेदता येत नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत आणि तंबाखूची बारीक पूड हवेत असते. दूधगंगा-कृष्णा आणि हालसिद्धनाथ या सहकारी साखर कारखान्यांचा हंगाम लागला की रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. तोडणी झालेल्या फडात पाचट जाळले की काळी राख उडत गावात येते. अशा ठिकाणी कॅबिनेटची जाळी महिन्या-दोन महिन्यांत भरते. अनेक मंद फॅनची रचना इथे उत्तम चालते, पण जाळी साफ ठेवली तरच.

चार पिना

फॅनच्या वायरीच्या टोकाला तीन किंवा चार पिनांचा कनेक्टर असतो. पहिली पिन ग्राउंडची. दुसऱ्या पिनेवर १२ व्होल्ट. तिसरी पिन फॅनकडून मदरबोर्डला खबर देते: आतला हॉल सेन्सर फॅनच्या प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके पाठवतो, मदरबोर्ड ते मोजून फेरे दाखवतो. १,२०० फेऱ्यांना सेकंदाला ४० ठोके. चौथी पिन हुकमाची.

तीन पिनांच्या फॅनला हुकमाची पिनच नसते. त्याचा वेग कमी करायचा तर १२ व्होल्टऐवजी ९ किंवा ७ व्होल्ट द्यावे लागतात. म्हणजे तिथे वीज आणि हुकूम एकाच वायरीतून जातात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, या पद्धतीला ‘डीसी’ म्हटलेले असते. व्होल्ट फार उतरवले तर फॅन सुरूच होत नाही, नुसता थरथरतो.

चार पिनांचा फॅन २००४ मध्ये इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटबरोबर सर्रास दिसू लागला. इंटेलने त्याचे नियम लिहून जाहीर केले. सप्टेंबर २००५ ची १.३ ही आवृत्ती आजही आधाराला घेतली जाते. या पद्धतीत फॅनला नेहमी पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. चौथ्या पिनेवर एक सिग्नल सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होत असतो. चालू-बंदचे एक आवर्तन ४० मायक्रोसेकंदांचे; त्यातले १६ मायक्रोसेकंद सिग्नल चालू असेल तर हुकूम ४० टक्क्यांचा. फॅनच्या आतली चिप हे प्रमाण वाचते आणि मोटारीला त्या बेताने वीज देते. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. २५ हजारांचा आकडा निवडण्यामागे कारण आहे: माणसाचा कान फार तर २० हजारांपर्यंतचा आवाज ऐकतो, त्यामुळे या चालू-बंदची किणकिण कोणाला ऐकू येत नाही.

चौथ्या पिनेची आणखी एक रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. सिग्नलची ओळ वर ओढून धरण्याची सोय फॅनच्या आत असते. मदरबोर्ड फक्त ती खाली खेचतो. वायर तुटली, निघाली किंवा मदरबोर्ड गप्प बसला, तर ओळ वरच राहते आणि फॅन पूर्ण वेगाने फिरतो. चूक झालीच तर आवाज होईल, पण यंत्र जळणार नाही. संगणकाचे बटण दाबल्यावर पहिले एक-दोन सेकंद सगळे फॅन जोरात घोंघावतात आणि मग शांत होतात, तेही यामुळेच: बायोस जागे होऊन हुकूम देईपर्यंत ते आपल्या मूळ स्वभावाने फिरत असतात.

हेडरची मर्यादा आणि हबचे काम

मदरबोर्डवर फॅन लावायच्या जागेला हेडर म्हणतात. सिपीयू फॅन, सिस फॅन किंवा चा फॅन, पंप अशी नावे त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेली असतात. स्वस्त बोर्डावर कॅबिनेटच्या फॅनसाठी एकच हेडर असतो, बऱ्या बोर्डावर दोन-तीन. बहुतेक हेडर १ अँपिअर, म्हणजे १२ वॅटपर्यंतच वीज देतात. काही २ किंवा ३ अँपिअर देतात. खरा आकडा बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत असतो आणि तो पाहूनच पुढे जावे.

१२० मिलिमीटरचा फॅन साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो. एका हेडरवर वायचा जोड लावून दोन-तीन हलके फॅन चालवायला हरकत नाही. ०.२५ अँपिअरचे सहा फॅन मात्र दीड अँपिअर मागतात, आणि थांबलेला फॅन फिरू लागताना क्षणभर त्याहूनही जास्त. एवढा भार १ अँपिअरच्या हेडरवर टाकला तर हेडर कायमचा बसू शकतो. बाकी मदरबोर्ड ठणठणीत राहतो, त्यामुळे नेमके काय झाले ते चटकन कळतही नाही.

हब हा भार मदरबोर्डवरून उचलून एसएमपीएसवर नेतो. दूधगंगेच्या काठी शेतातल्या पंपाचा स्टार्टर पाहिला की ही रचना समजते: हिरव्या बटणातून मोटारीचा करंट जात नाही, बटण कॉन्टॅक्टरला फक्त इशारा देते आणि मोटारीची वीज कॉन्टॅक्टरच्या जाड पट्ट्यांतून जाते. हबमध्ये मदरबोर्डचा हेडर त्या बटणाच्या जागी असतो आणि एसएमपीएसकडून आलेली वायर मेन लाइनच्या जागी.

ती वायर बहुतेक हबमध्ये साटा कनेक्टरची असते. साटा कनेक्टरच्या पंधरा पिनांपैकी तीन पिना १२ व्होल्टच्या, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ०.२५ अँपिअरचे दहा फॅन अडीच अँपिअर घेतात, त्यात ते आरामात बसतात. जुन्या मोलेक्स कनेक्टरची ताकद याहून मोठी असते. पण मोलेक्सवरून साटा काढणारे, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले स्वस्त जोड टाळावेत. त्यांच्या आत तारा एकमेकींच्या फार जवळ बसलेल्या असतात, त्या चिकटून जोड वितळल्याची उदाहरणे आहेत. एसएमपीएसमधून आलेली मूळ साटा वायरच हबला द्यावी.

हुकमाची वायर मदरबोर्डच्या एका हेडरवर बसते. हब तिच्यातला पीडब्ल्यूएम सिग्नल घेऊन सगळ्या पोर्टांच्या चौथ्या पिनेला जोडतो. साध्या हबमध्ये ही नुसती समांतर जोडणी असते. इंटेलच्या नियमाप्रमाणे एका फॅनकडून या ओळीवर जास्तीत जास्त ५ मिलिअँपिअर येऊ शकतात. दहा फॅनचे मिळून ते सगळे एकट्या मदरबोर्डच्या पिनेने खाली खेचायचे असतात. प्रत्यक्षात फॅन याहून बरेच कमी देतात म्हणून निभावते. चांगल्या हबमध्ये सिग्नल आधी एका चिपमधून जातो, मग तो ताजातवाना होऊन पोर्टांवर येतो. दहा फॅन लावायचे असतील तर असा हब घ्यावा.

एक हुकूम सगळ्यांना सारखा जातो, पण सगळे फॅन त्याने सारखे फिरतील असे नाही. ४० टक्के म्हणजे त्या-त्या फॅनच्या आपल्या ताकदीतले ४० टक्के. २,००० फेऱ्यांचा फॅन आणि १,२०० फेऱ्यांचा फॅन एकाच हबवर असतील, तर त्यांचे वेग वेगळे राहणार. म्हणून एका हबवर शक्यतो एकाच बनावटीचे फॅन लावावेत.

खबर फक्त एकाची

वीज आणि हुकूम अनेकांना वाटता येतात. खबर मात्र अनेकांची एकत्र करता येत नाही. दोन फॅनचे ठोके एकाच ओळीत मिसळले तर मदरबोर्डला काहीच्या काही फेरे दिसतील. म्हणून हबच्या एकाच पोर्टची तिसरी पिन मदरबोर्डकडे जोडलेली असते. हा पोर्ट ‘१’ असा आकडा, सिपीयू हे नाव किंवा वेगळा रंग देऊन दाखवलेला असतो. बाकी पोर्टांवर तिसरी पिन असली तरी तिला पुढे वाट नसते.

याचे दोन परिणाम होतात. पहिला पोर्ट रिकामा ठेवला तर मदरबोर्डला शून्य फेरे दिसतात. हबची वायर सिपीयू फॅनच्या हेडरवर लावलेली असेल, तर संगणक सुरू होतानाच फॅन बंद असल्याची तक्रार करतो आणि पुढे जायला एफ-१ दाबा म्हणून अडून बसतो. अशा वेळी फॅन खराब झाला असे समजून नवा आणला जातो. खरे तर एक फॅन उचलून पहिल्या पोर्टवर लावला की काम होते.

दुसरा परिणाम जास्त घातक. दुसऱ्या पोर्टपासून पुढचा एखादा फॅन धुळीने किंवा झिजून बंद पडला, तर पडद्यावर काहीच दिसत नाही. पहिला फॅन फिरतो आहे एवढीच खबर येत राहते. हबची खरी उणीव ही आहे आणि विकत घेताना ती कोणी सांगत नाही. यावर उपाय एकच: महिन्यातून एकदा कॅबिनेटची बाजू उघडून, बॅटरीच्या उजेडात प्रत्येक फॅन डोळ्यांनी पाहायचा.

प्रोसेसरचा फॅन हबवर लावू नये, त्याला आपला हेडर द्यावा; त्याची खबर थेट मिळालीच पाहिजे. पाण्याच्या कूलरचा पंपही हबवर नको. पंपाला सतत ठरलेला वेग लागतो, आणि कॅबिनेटच्या फॅनचा वेग उतरवायला गेलेला हुकूम त्यालाही लागू झाला तर पाणी फिरायचे मंदावते.

तीन पिना आणि रंगीत दिवे

तीन पिनांचा फॅन चार पिनांच्या पोर्टवर बसतो; कनेक्टरची खाच अशी आहे की चौथी पिन बाहेर मोकळी राहते. पण एसएमपीएसवरून वीज घेणाऱ्या हबवर तो कायम पूर्ण वेगाने फिरेल. त्याला १२ व्होल्ट अखंड मिळतात आणि हुकूम वाचायची पिनच त्याच्याकडे नाही. बायोसमध्ये हेडर ‘डीसी’वर ठेवूनही उपयोग नाही, कारण मदरबोर्डने व्होल्ट उतरवले तरी हबची वीज तिकडून येतच नाही. पीडब्ल्यूएमचा हुकूम वाचून तीन पिनांच्या फॅनचे व्होल्ट स्वतः उतरवणारे हबही बनतात. जुने फॅन वापरायचे असतील तर खोक्यावर तसे स्पष्ट लिहिलेले पाहून घ्यावे.

गेमिंग कॅबिनेटबरोबर रंगीत दिव्यांचे फॅन आणि रिमोटवाला हब फुकट येतो, तेव्हा गल्लत सर्वांत जास्त होते. यातल्या अनेक फॅनना सहा पिनांचा, त्या कंपनीपुरताच चालणारा कनेक्टर असतो. असा हब दिव्यांचे रंग बदलतो; फॅनचा वेग बहुधा ठरावीकच राहतो किंवा रिमोटवरच्या दोन-तीन पायऱ्यांत बदलतो. मदरबोर्डला त्या फॅनचा पत्ताही नसतो. ते सहा पिनांचे फॅन दुसऱ्या हबवर बसत नाहीत, त्यामुळे पुढे वेगाचे नियंत्रण हवे झाले तर फॅनच बदलावे लागतात. दिव्यांच्या वायरीबाबत आणखी एक सावधगिरी: तीन पिनांची एआरजीबी वायर ५ व्होल्टची आणि चार पिनांची आरजीबी वायर १२ व्होल्टची असते. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर लावले की तत्काळ जळतात.

यूएसबी हेडरवर बसून सॉफ्टवेअरने प्रत्येक फॅनचा वेग वेगळा ठरवणारे कंट्रोलरही मिळतात. ते हबच्या पुढची पायरी आहेत: प्रत्येक फॅनची खबर वेगळी येते. मात्र ते सॉफ्टवेअरवर अवलंबून असतात, आणि विंडोज नव्याने टाकल्यावर सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचे राहून गेले तर फॅन आपल्या जुन्या ठरावीक वेगावर चालत राहतात. मिक्सिंगच्या रोजच्या कामाला साधा हब आणि बायोसची आखणी अधिक भरवशाची.

जोडणी

काम सुरू करण्याआधी एसएमपीएसचा स्विच बंद करून प्लग काढावा आणि कॅबिनेटचे बटण एकदा दाबून सोडावे. कपॅसिटरमधली उरलेली वीज त्याने निघून जाते; कधी कधी फॅन तेवढ्यापुरता हललेलाही दिसतो.

मग दिशा पाहायची. फॅनच्या ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरचे आणि खालचे फॅन हवा आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारे. धुळीच्या गावात आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी: पुढे तीन, मागे एक. मग पेटीत किंचित दाब राहतो आणि फटींमधून हवा बाहेर जाते, आत येत नाही. येणारी सगळी हवा जाळीतूनच येते. उलट केले, बाहेर टाकणारे फॅन जास्त झाले, तर प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते आणि जाळीचा उपयोग संपतो. तपासायला उदबत्ती पुरते. संगणक चालू असताना पेटलेली उदबत्ती मागच्या बाजूला, कार्डांच्या रिकाम्या पट्ट्यांजवळ धरावी. धूर बाहेर ढकलला गेला तर दाब बरोबर. धुराची रेघ फटीत शिरू लागली तर पुढचे फॅन कमी पडताहेत किंवा जाळी तुंबली आहे.

हब कॅबिनेटच्या मागच्या, वायरी लपवण्याच्या बाजूला चिकटपट्टीने किंवा चुंबकाने बसतो. उन्हाळ्यात ही चिकटपट्टी सुटते, म्हणून एक केबल टाय लावलेला बरा. सुटलेला हब वायरींना लोंबकळत राहिला की कनेक्टर सैल होतात. पुढचा एक फॅन पहिल्या पोर्टवर लावावा, कारण जाळीमागे तोच सर्वांत आधी तुंबतो आणि खबर त्याचीच हवी असते. हुकमाची वायर सिस फॅन किंवा चा फॅन या हेडरवर लावून बायोसमध्ये तो हेडर ‘ऑटो’वर न सोडता ‘पीडब्ल्यूएम’वर ठेवावा.

आखणी

किती तापमानाला किती वेग, हे बायोसमध्ये एका रेषेने ठरवतात. आसुसच्या बोर्डावर हा भाग क्यू-फॅन नावाने, गिगाबाइट आणि एमएसआयच्या बोर्डांवर स्मार्ट फॅन नावाने सापडतो. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हेच काम करतात.

तापमान कोणाचे धरायचे हा इथला महत्त्वाचा निर्णय. बायोस बहुधा प्रोसेसरचे धरतो. प्रोसेसरचे तापमान एखादी फाइल उघडली तरी क्षणात १५-२० अंशांनी उसळते आणि तितक्याच झटकन खाली येते. हबवरचे सगळे फॅन त्या उसळीबरोबर वर-खाली होऊ लागले की सतत भरती-ओहोटीसारखा आवाज येतो. कॅबिनेटमधली हवा मात्र इतक्या झपाट्याने तापत नाही. म्हणून कॅबिनेटच्या फॅनसाठी मदरबोर्डच्या सेन्सरचे तापमान धरावे. प्रोसेसरचेच धरायचे असेल तर फॅनचा वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर लावावा. ती सोय त्याच पानावर असते.

सुरुवातीला मदरबोर्डच्या ३५ अंशांना ३० टक्के, ४५ ला ५०, ५५ ला ८० आणि ६० ला १०० टक्के अशी रेषा चालते. ३० टक्क्यांच्या खाली जाण्याआधी प्रत्येक फॅन त्या वेगाला खरोखर फिरतो का, ते पाहावे. काही फॅन २० टक्क्यांच्या आसपास थांबतात. डिसेंबरातल्या संध्याकाळी बेतलेली रेषा मे महिन्यात उपयोगाची राहत नाही. उन्हाळ्यात यंत्र नुसते चालू असतानाच मदरबोर्ड ४५ अंशांवर असतो, म्हणजे काम सुरू होण्याआधीच फॅन निम्म्या वेगावर आलेले असतात. बायोसमध्ये उन्हाळ्याची आणि थंडीची अशा दोन आखण्या वेगवेगळ्या नावांनी जपून ठेवता येतात. शिमग्याच्या सुमारास एक उतरवून दुसरी चढवावी.

साफसफाई आणि दोष शोधणे

जाळी पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. फॅनची पाती ब्लोअरने साफ करताना बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवावीत. वाऱ्याच्या झोताने फॅन त्याच्या मर्यादेपेक्षा वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते, आणि फिरती मोटार स्वतःच वीज निर्माण करून ती हबकडे उलटी पाठवू शकते. तंबाखूची पूड चिकट असते, नुसत्या वाऱ्याने जात नाही. मऊ ब्रश लागतो.

बिघाड झाला तर तो कोणत्या वाटेवर आहे हे आधी पाहावे. सगळे फॅन एकदम थांबले असतील तर दोष विजेच्या वाटेवर: साटा कनेक्टर निघाला आहे, सैल झाला आहे किंवा जळाला आहे. सगळे फॅन एकदम पूर्ण वेगाने फिरत असतील तर वीज ठीक आहे, हुकूम पोहोचत नाही: मदरबोर्डकडची वायर निघाली आहे, हेडर ‘डीसी’वर गेला आहे किंवा बायोसची बॅटरी संपून आखणी पुसली गेली आहे. फॅन फिरताहेत पण पडद्यावर शून्य दिसते, तर पहिला पोर्ट पाहावा. एकच फॅन थांबला असेल तर त्याची वायर शेजारच्या चालू पोर्टवर लावून बघावी. तिथे फिरला तर हबचा तो पोर्ट गेला. तो रिकामा ठेवून फॅन दुसऱ्या पोर्टवर चालवता येतो, मात्र गेलेला पोर्ट पहिलाच असेल तर खबरेसाठी हब बदलावा लागतो. तिथेही फिरला नाही तर फॅन बदलायचा, आणि नवा आणताना जुन्याच्या मागचे लेबल वाचून तेवढ्याच अँपिअरचा, तेवढ्याच फेऱ्यांचा आणि चार पिनांचाच आणायचा.